चेकी रात्री का जेवत नाही

कोगनोळीत मगदूम सर म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक त्यांनी शिकवलेलं विज्ञान, ज्यातलं बहुतेकांच्या डोक्यात आता बेडकाच्या पोटापलीकडे काही उरलेलं नाही. दुसरं त्यांचं वाक्य. भाद्रपदात दशलक्षण पर्व बसलं की गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दहा दिवस दहा धर्मांवर प्रवचनं होतात. त्यातला उत्तम संयमाचा दिवस सरांचा. नोकरीत होते तेव्हापासून तो त्यांच्याच नावावर लागलेला आहे. सर चष्मा काढत, उपरण्याला पुसत, पुन्हा लावत आणि म्हणत, "पोटात भूक आहे, समोर ताट वाढलेलं आहे, आणि तरीही जो नको म्हणू शकतो, तो माणूस. बाकी सगळी जनावरं." माना डोलायच्या. पोरंसुद्धा क्षणभर चुळबुळ थांबवायची. खरं सांगायचं तर प्रवचनातलं बाकीचं काही कुणाच्या लक्षात राहत नसे.

आता हे वाक्य सरांनी सहजासहजी मिळवलेलं नव्हतं. तरुणपणी ते वर्गात सांगत की हत्यार वापरतो तो माणूस. मग कुठल्याशा बेटावरचा कावळा काडी वाकवून भोकातली अळी काढतो असं वाचनात आलं. सर प्रामाणिक माणूस, त्यांनी हत्यार सोडून दिलं. बोलतो तो माणूस म्हणावं, तर मधमाशी नाचून पत्ता सांगते. मेलेल्यासाठी रडतो तो माणूस म्हणावं, तर त्यांचा मुलगा वृषभ बेंगळुरूहून हत्तिणीचे व्हिडिओ पाठवायचा. खाली लिहायचा, "आप्पा, हेबी गेलं बघा." एकेक ठाणं सोडत सर शेवटी संयमावर येऊन बसले होते आणि तिथून हलायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं होतं. शिवाय इथे शास्त्रही पाठीशी होतं. स्वर्गातल्या देवांनासुद्धा व्रत घेता येत नाही, मोक्ष हवा तर त्यांनाही माणसाच्या पोटी यावं लागतं. पशुपक्ष्यांना छोटी व्रतं घेता येतात असंही त्याच शास्त्रात लिहिलेलं आहे, पण ते सर जरा गडबडीत उरकत.

आणि नेमकी घरातच कुत्री निघाली.

करोनाच्या पहिल्या वर्षी गावाजवळ हायवेवर कर्नाटक-महाराष्ट्राची हद्द बंद झाली आणि चेकनाक्यावर पोलीस येऊन बसले, तेव्हा ही काळी-पांढरी कुत्री त्यांच्या बिस्किटांवर वाढली. पोलीस उठले, तशी ती गावात आली आणि मगदूमांच्या पायरीवर पसरली. लोक तिला चेकपोस्टची म्हणायचे, त्याचं चेकी झालं. सरांच्या पत्नी राजमती यांनी तिला भाकरी घातली आणि विषय संपला. म्हणजे सरांना वाटलं की संपला. वर्षा-दोन वर्षांनी राजमती सहज म्हणाल्या, "ही दिवस मावळला की खाईत न्हाय, बघितलाय काय?"

"पोट भरलं असंल."

"भरलेलं न्हाय. व्रत धरलंय तिनं."

सर हसले. राजमती हसल्या नाहीत. त्या स्वतः दिवस मावळल्यावर अन्न सोडाच, पाण्याचा घोटही घेत नसत, आणि लग्न होऊन आल्यापासून त्यात खंड नव्हता. सरही सूर्यास्ताच्या आत जेवत. त्या घरात संध्याकाळी दिवा लागला की चूल निवलेली असायची, आणि आता त्या यादीत कुत्रीचंही नाव लागलं होतं. चेकीच्या व्रताची गोष्ट हळूहळू बायकांत पसरली. बस्तीतून येता येता दोघीतिघी वाकून तिला बघून जाऊ लागल्या. एकीने तर हात जोडले. सरांच्या कपाळावर आठी पडली, पण ती त्यांनी चष्म्याखाली ठेवून दिली.

सगळं असंच चाललं असतं. पण श्रावणात एका पहाटे राजमती उठल्या त्या घामाने निथळत, हातपाय थरथरत, आणि सरांना ओळखल्यासारखं काही करेनात. साखर तोंडात टाकल्यावर माणसात आल्या. निपाणीच्या डॉक्टर पूर्णिमांनी तपासलं, मधुमेहाची गोळी बदलून पाहिली, कमी करून पाहिली. कमी केली की साखर चढे, पूर्ववत केली की पहाटे घसरे.

"आक्का," डॉक्टर म्हणाल्या, "सहाला जेवताय, सकाळी आठला खाताय. मधी गोळी काय तुमची वाट बघत बसंल व्हय? झोपताना कपभर दूध आन् दोन बिस्किटं. येवढंच करा. न्हायतर एक दिवस झोपेतच साखर उतरंल, आन् सरांना जाग येणार न्हाय."

राजमतींनी मान हलवली. ती मान होकाराची नव्हती, हे सरांना बसस्टँडपर्यंत येईतो कळलं.

"दूध प्यायचं," सर म्हणाले.

"न्हाय."

"मुनिमहाराजांना विचारून येतो. आजारपणाला सूट असतीया."

"महाराज देतील की सूट. सूट त्यांची, पण लाज माझी." त्या बसच्या खिडकीबाहेर बघत होत्या. हायवेच्या कडेने तंबाखूची रोपं लागली होती. या एका पिकाला कुंपण लागत नाही, कारण गाय-शेळी त्याला तोंड लावत नाही, ते फक्त माणूस खातो. "दरवर्षी तुम्हीच सांगताय न्हवं, नको म्हणतंय ते माणूस. मग मी रात्री उठून दूध प्याले तर कोण झाले? आन् पायरीवर ती मुकी बसलीया. तिला कुणी सांगितलं न्हाय, शिकवलं न्हाय, ती पाळतीया. मी माणसाच्या जल्माला येऊन तिच्यादेखत तोंड हलवू व्हय?"

 सरांना भीती वाटत होती, साधी भीती. या बाईशिवायचं घर त्यांनी कधी डोळ्यांसमोर आणलं नव्हतं आणि आता ते रोज पहाटे येऊ लागलं. रात्रीतून ते दोनदा उठून तिच्या कपाळावर हात ठेवून घाम आहे का बघत.

मास्तर माणूस घाबरला की अभ्यासाला लागतो. सरांनी हिशेब मांडला. राजमतीच्या हट्टाला दोन टेकू आहेत, एक आपलं वाक्य आणि दुसरी कुत्री. कुत्रीचं व्रत म्हणजे नुसती सवय आहे हे सिद्ध करून दाखवलं की निम्मा हट्ट खाली येईल. वाक्याला हात लावावा असं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यातल्या त्यात कुत्रीला खोटं पाडणं सोपं होतं.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी चेकीचं जेवण मुद्दाम चुकवलं. बिचारी पातेल्याजवळ बसून वाट बघत राहिली. दिवस मावळला, दिवे लागले, आणि मग सरांनी दूधभाकरी कुस्करून तिच्यापुढे ठेवली. चेकीने हुंगलं. जिभेने नाक चाटलं. मग तिने मान फिरवली आणि पातेल्याकडे पाठ करून पसरली. सरांनी जवळ जाऊन बॅटरी मारली. तिच्या जबड्यातून लाळेची तार खाली फरशीपर्यंत आली होती. म्हणजे पोटात भूक होती, समोर ताट वाढलेलं होतं, आणि कुत्री नको म्हणत होती. सर बॅटरी धरून बराच वेळ तसेच उभे राहिले. शेवटी त्यांनी बॅटरी विझवली आणि ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उजेडाचा विचार केला. अंधार पडला की थांबायचं, एवढंच तिला ठाऊक असेल. मग त्यांनी गोठ्यातला हॅलोजन आणून अंगणात लावला. सगळं अंगण दुपारसारखं लख्ख झालं, शेजारचा कोंबडासुद्धा बुचकळ्यात पडून एकदा आरवला. चेकी खाईना. उलट एका दुपारी ढग असे दाटून आले की घरात दिवा लावावा लागला, आणि चेकीने त्या अंधारात भाकरी दोन घासांत संपवली. म्हणजे उजेडाशी संबंध नाही. मग वासाचा असेल. सरांनी निपाणीहून पेढे आणले. रात्री पेढा ठेवला. चेकीने पेढ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं आणि एक सुस्कारा सोडला. तो सुस्कारा सरांना बरोबर ओळखीचा वाटला. नववी 'क'च्या वर्गात ते असाच सोडत.

एव्हाना त्यांना या प्रकरणाची गोडी लागली होती हे खोटं नाही. सकाळी उठले की आधी कुत्रीकडे जात. तिला वेळ कळते की काळ? ती आठवण ठेवते की अंदाज बांधते? आपण तिला बघतोय हे तिला समजतं का, आणि समजत असेल तर ती आपल्यालाही तपासत असेल का? इतकी वर्षं शिकवून त्यांना कुत्र्याबद्दल इंद्रियांची नावं आणि दातांची संख्या यापलीकडे काही माहीत नव्हतं, आणि हे त्यांना आता कळत होतं. त्यांनी हायवेवर हॉटेल चालवणाऱ्या परशरामला गाठलं. परशराम त्यांचा शेजारी, आणि चेकीचा नाक्यावरचा जुना ओळखीचा.

"तिकडं असताना रात्री खायची काय रं ही?"

"खायची की सर. रातच्याला पोलीस बिस्किटं टाकायचं, तवा कुणाला मागं सरू द्यायची न्हाय."

सर विजयी मुद्रेने घरी आले. "ऐकलंस? पैलं रात्री खात हुती. हे व्रतबिरत जन्माचं न्हाय. आपल्या घरात आल्यावर लागलंय तिला."

राजमती मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मग? आपण काय आईच्या पोटातनं घेऊन आलतो व्हय व्रत?"

सर मेथीची एक जुडी पुढ्यात ओढून निवडायला बसले.

पर्वाच्या तोंडावर राजमती पुन्हा पडल्या. या वेळी उठून न्हाणीकडे जाताना पडल्या, उंबऱ्यावर डोकं आपटलं, आणि साखर तोंडात जाईना. परशरामच्या गाडीतून निपाणीला नेलं. सलाइन लागलं, तसे त्यांनी डोळे उघडले. बेळगावहून मुलगी क्षमा धावत आली. दिवसभर सर बाकावर बसून होते. चहासुद्धा घेतला नाही. संध्याकाळी डॉक्टर म्हणाल्या, आता धोका नाही, सर तुम्ही घरी जाऊन पडा, क्षमा आहे इथे.

घरी आले तेव्हा दिवस मावळून गेला होता. घर कुलूपबंद, अंधारं, आणि पायरीवर चेकी. परशरामची बायको जयाबाई डबा घेऊन आली. "बिनकांद्याचा झुणका हाय सर," ती दारातूनच म्हणाली, "वैनींचं आयकल्यापास्नं जीव थाऱ्यावर न्हाय बगा. तुमी जेवा." सरांनी दिवा लावला. पायरीवर बसले. डबा उघडला. भाकरी मोडून झुणक्याला लावली, एक घास घेतला, दुसरा घेतला. भूक इतकी होती की चव कळत नव्हती. अर्धी भाकरी संपल्यावर त्यांनी सवयीने एक तुकडा बाजूला टाकला.

चेकीने तो खाल्ला.

सरांनी दुसरा टाकला, तोही तिने खाल्ला. तिसरा ती हातातूनच घेऊन गेली. सर ताडकन उभे राहिले. "सापडलीस," ते म्हणाले. त्यांनी आभाळाकडे बघितलं, चांदण्या आल्या होत्या. व्रत नाही, काही नाही. राजमती घरात असली की ही खात नाही, राजमती नसली की खाते. म्हणजे संयम वगैरे काही नसून नुसता एका माणसाचा धाक, किंवा माया, किंवा मुलाहिजा, जे काही असेल ते. सुटला एकदाचा प्रश्न. त्यांनी आनंदाने डब्यातला पुढचा घास तोंडात घातला.

आणि चावता चावता ते थांबले.

तोंडात भाकरी होती, डोक्यावर चांदण्या होत्या, आणि ते जेवत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कुणी आग्रह केला नव्हता, कुणी सूट दिली नव्हती, आणि मुख्य म्हणजे मनात 'नको' उमटलंही नव्हतं. राजमती घरात असती तर हात डब्याकडे गेला असता का? नसता. सर हळूच खाली बसले. चेकी त्यांच्या तोंडाकडे बघत होती, पुढचा तुकडा केव्हा येतो म्हणून. सरांना आधी लाज वाटली, मग हसू आलं, मग हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि मग उरलेली भाकरी दोघांनी मिळून संपवली. टाकून देण्यात काही अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात क्षमा औषधं आणायला खाली गेली तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं. आधी चेकीचं सांगितलं, मग स्वतःचं. राजमतींच्या कपाळाला पट्टी होती. त्या ऐकत राहिल्या.

"म्हंजे दोघंबी जेवलासा."

"व्हय."

"मी घरात न्हाय म्हटल्यावर."

"व्हय." सर खाली बघत होते. "मी तुझ्यामुळं पाळत हुतो, राजमती. आधी आईमुळं. आई गेल्यावर सोडणार हुतो, खरं सांगतो, शाळेतनं यायला उशीर व्हायचा, भूक लागायची. पण तू कडक धरलं हुतंस. तुझ्यापुढं कसं खाऊ?"

राजमतींनी कपाळावरची पट्टी चाचपली. सलाइनच्या नळीकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. सर घाबरून उठले, पण त्या हसत होत्या.

"आमच्या म्हायेरात रात्रीच जेवायची सगळी," त्या म्हणाल्या. "रानातनं यायलाच अंधार व्हायचा. पैल्या दिवशी तुमच्या घरात भूक लागून मी रडलेय, कुणाला ठाऊक न्हाय. पण तुम्ही मास्तर, बस्तीत उभं राहून बोलणार. मला वाटलं, ह्यास्नी आपल्यामुळं खाली बघाय लागू नये. म्हणून धरलं. मग तुमचं ते वाक्य आलं, मग तर सुटायचं नावच न्हाय." त्यांनी पदराने डोळे पुसले. "मी तुमच्याकडं बघून, तुम्ही माझ्याकडं बघून, आन् ती कुत्री दोघांकडं बघून."

"मग खरं व्रत कुणाचं हुतं?"

"मला काय विचारताय? सर तुम्ही."

सरांना उत्तर माहीत नव्हतं, आणि गंमत अशी की त्याचं त्यांना फार वाईट वाटत नव्हतं. तिच्या हाताला हात लावून ते म्हणाले, "आता दूध पिशील?" राजमतींनी हात काढून घेतला नाही, पण हो-ही म्हणाल्या नाहीत. "बघू," म्हणाल्या. "अजून संयमाचा दिवस जायचाय. तुम्ही काय बोलताय ते ऐकते आधी."

संयमाच्या दिवशी बस्ती भरली होती. राजमती घरी आल्या होत्या, पट्टी पदराखाली झाकून बायकांत पुढे बसल्या होत्या. सर उभे राहिले. समोरच्या भिंतीवर समवसरणाचं, म्हणजे भगवंतांच्या उपदेशसभेचं, चित्र आहे, लहानपणापासून बघत आलेलं. मधोमध भगवान, भोवती गोलाकार सभेचे कोठे. देवांचे कोठे आहेत, माणसांचा आहे, आणि त्यांच्याच रांगेत एक पशुपक्ष्यांचा आहे. सिंह, हरणं, मोर, साप शांतपणे बसून उपदेश ऐकताहेत. सरांच्या मनात आलं, ज्यांना काही कळत नाही त्यांच्यासाठी चित्रकाराने जागा कशाला राखली असेल? आपण या चित्रासमोर उभं राहून 'बाकी सगळी जनावरं' म्हणत होतो, आणि ती सगळी ऐकत होती.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. सभा वाक्याची वाट बघू लागली.

"माझं ते वाक्य," सर म्हणाले, "मला आज म्हणता येत न्हाय." आणि मग त्यांनी लाळेच्या तारेपासून झुणका-भाकरीपर्यंत सगळं सांगितलं, काही न लपवता. आधी कुजबुज झाली. झुणक्याला पोरं हसली. म्हातारे पंच चौगुले काठी टेकून अर्धे उठले. "सर, मग माणसात आन् जनावरात फरक काय राह्यला?"

"असंल, काका. कुठंतरी असंलच. पण मी म्हणत हुतो तिथं न्हाय. मी शोधतोय."

"ह्या वयात?"

"ह्याच वयात सवड मिळाली," सर म्हणाले, आणि खाली बसले. माना डोलल्या नाहीत. बाहेर चपला घालताना कुणी म्हणालं, वहिनींच्या आजारपणाने सर जरा हलल्यासारखे वाटतात. सरांनी ते ऐकलं आणि दोन्ही चपला शांतपणे शोधून घातल्या.

घरी आल्यावर संध्याकाळचं जेवण नेहमीच्या वेळी झालं. दिवा लागला. टीव्हीवरच्या बातम्या संपल्या. झोपायची वेळ झाली तशी सरांनी स्वतः गॅस पेटवला, दूध कोमट केलं, कपात ओतलं, बशीत दोन बिस्किटं ठेवली आणि पायरीवर बसलेल्या राजमतींच्या हातात दिलं. चेकी त्यांच्या पायाशी होती. राजमतींनी कप धरला, पण तोंडाला लावला नाही.

"बघाय लागलीया," त्या म्हणाल्या.

"तिलाबी देतो." सरांनी वाटीत दूध ओतून चेकीपुढे सरकवलं. त्यांचा सिद्धांत पक्का होता. राजमती थांबते म्हणून चेकी थांबते, राजमती प्याली की चेकी पिईल, आणि चेकी प्याली की राजमतीची लाज जाईल. फक्त कुणी तरी सुरुवात करायला हवी होती. "घे तू आधी. एक घोट."

राजमतींनी डोळे मिटून एक घोट घेतला. लग्नानंतरचा रात्रीचा पहिला घोट. मग डोळे उघडून त्या चेकीकडे बघू लागल्या, आणि सरही बघू लागले.

चेकीने वाटी हुंगली. जिभेने नाक चाटलं. राजमतींच्या तोंडाकडे, त्यांच्या ओठावरच्या दुधाच्या रेषेकडे नीट निरखून बघितलं. आणि वाटीकडे पाठ करून ती दोन पायऱ्या खाली जाऊन पसरली.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. सिद्धांत गेला त्याचं काही नव्हतं, सिद्धांत जायची त्यांना आता सवय झाली होती. पण कप राजमतींच्या हातात अर्ध्यावर थांबला होता. आता ती म्हणणार, बघा, मुकं जनावर पाळतंय. आता कप खाली ठेवणार. उद्या पहाटे पुन्हा तो घाम, पुन्हा ती थरथर, आणि कुठल्या तरी पहाटे आपल्याला जाग येणार नाही. आणि सरांकडे सांगण्यासारखं एकही वाक्य शिल्लक नव्हतं.

राजमती कुत्रीच्या पाठीकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. एखाद्या घरी नवीन आलेल्या माणसाकडे बघावं तसं त्या बघत होत्या.

"पाळतीया खरंच," त्या म्हणाल्या.

"राजमती—"

"असू दे की. असू दे ती मोठी." त्यांनी कप तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. "सारखं आपणच मोठं असाय पायजे, असं कुठं हाय?"

मग त्यांनी बशीतलं बिस्कीट उचललं, आणि ते खाऊन झाल्यावर दुसरंही घेतलं.